डब्यात न आलेलं हसू

सिनेमात मरणं सोपं असतं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आमच्या मद्रासच्या कोडंबाक्कममधल्या स्टुडिओत कधी आला नाहीत. आमच्याकडे जो कुणी कॅमेऱ्यापुढे मेला, तिरडीवर पडला, नाहीतर हार घातलेल्या फोटोत बसला, त्याला त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत, त्याच कॅमेऱ्यापुढे उभं करून हसवायचं. चांगलं खदखदून. म्हणजे केलेलं मरण पुसलं जातं. कोहळा फुटायचा, कापूर लागायचा, ते सगळं असतंच; पण खरं औषध ते हसू. ज्या कॅमेऱ्यानं मेलेलं पाहिलं त्यानंच जिवंत पाहायचं.

आणि ते हसू शेवटी यायचं माझ्या हातात. मी कुप्पम्माळ, निगेटिव्ह कापणारी. नवरा लॅबमध्ये होता, तो गेल्यावर मुदलाळींनी, म्हणजे स्टुडिओच्या मालकांनी, मला कात्री आणि पांढरे हातमोजे दिले. बायकांचा हात हलका असतो म्हणे. तोंड हलकं नसतं हे त्यांना नंतर कळलं. तर ते हसू काही सिनेमात लागत नसे. मी ते वेगळं कापायची, बोटभर तुकडा कुंकवाच्या पुडीत बांधून त्या माणसाच्या घरी पाठवायची, उरलेलं बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात टाकायची. डब्यात राजे होते, ऋषी होते, दोन सावत्र आया होत्या. सगळे मेलेले आणि सगळे हसणारे.

त्या डब्यात पोन्नुरंगमचं हसू नाही. त्याचीच ही गोष्ट.

पोन्नुरंगम आमच्या सैदापेटच्या गल्लीतला, माझ्या घरासमोरचा. तोंडावर मी त्याला अण्णा म्हणायची, अहो-जाहो करायची. पण बरोबरीनं विडे खाल्लेला माणूस, मनात तो ‘तो’च राहिला. जॉर्जटाउनातल्या एका बोळात वेदाचलम नावाच्या संपादकाचं छोटं साप्ताहिक निघायचं, तिथं हा छपाईचे खिळे जुळवायचा. वीस वर्षं. बोटं इतकी सरावलेली की बोलता बोलता हवेतून अक्षरं उचलल्यासारखी हलायची. आणि हसणं! आधी पोट हलायचं, मग खांदे, मग विड्यानं रंगलेले दात, आणि मग आवाज. गल्लीच्या टोकाला कुणाचं मूल झोपेतून उठायचं. मरगदम, त्याची बायको, डोक्याला हात लावायची. “अहो, माणसासारखं हसा. लोक म्हणतील घरात गाढव बांधलंय.”

“मग काय झालं? त्याला निदान रेशनकार्ड लागत नाही,” हा म्हणायचा, आणि पुन्हा सुरू.

लढाई संपत आली होती, तांदूळ मिळत नव्हता. रेशनच्या दुकानात खडे विकत घ्यायचे आणि त्यांतून तांदूळ निवडायचे, असे दिवस. वेदाचलमनं छापलं की तांदूळ आहे, बंदराजवळच्या गोदामांत थप्प्या लागल्यात, आणि गोदामं आहेत रत्नसभापती व्यापाऱ्याची. एकदा छापलं, दोनदा छापलं. तिसऱ्यांदा कोणत्या अधिकाऱ्याला किती पोती पोचली ते नावानिशी छापायचं होतं. त्या संध्याकाळी दिवेलागणीला पोन्नुरंगम तोच मजकूर जुळवत होता. दोन माणसं आली, “संपादकसाहेब, जरा बाहेर या,” म्हणाली. वेदाचलमनं चष्मा काढून टेबलावर ठेवला, “रंगम, आलोच, ओळ तोडू नकोस,” म्हणाला आणि गेला. तिसऱ्या दिवशी कालव्यात सापडला. तांदळाच्या पोत्यात.

त्या दोघांना पोन्नुरंगमनं पाहिलं होतं. एक रत्नसभापतीचा भाचा, दुसरा त्याच्या मोटारीचा ड्रायव्हर. पोलिसांपुढे त्यानं दोघांची नावं सांगितली, न अडखळता. दुसरा साक्षीदार नव्हता. दोघं तुरुंगात गेले, खटला सेशनला लागायला वर्ष गेलं. त्या वर्षात वेदाचलमची म्हातारी आई दर अमावस्येला पोन्नुरंगमच्या घरी यायची, मुलाचा चष्मा कापडी पिशवीत घालून. काही मागायची नाही. ताक प्यायची आणि विचारायची, “बाळा, सांगशील ना?” आणि हा म्हणायचा, “आई, तोंड आहे तोवर सांगीन.” मग ती जायची.

आता आमचे मुदलाळी. सगळं मद्रास ज्या खटल्याबद्दल बोलतंय त्याचा सिनेमा का काढू नये, असं त्यांच्या मनानं घेतलं. बोलपट येऊन पंधरा वर्षं झाली होती, तोवर आमच्याकडे सगळे देव नाहीतर राजे. सदरा घातलेला, लेखणी हातात धरलेला माणूस हिरो, हे पहिल्यांदाच. लोक हसले. “आकाशातून पडणारा कोणी नाही, मग तिकीट कशाला काढायचं?” पण मुदलाळी हट्टी. छापखान्याचा सेट लावायला त्यांनी पोन्नुरंगमलाच आणलं, खिळे कुठं, शाई कुठं, साहेब कसे बसायचे ते दाखवायला. हा रोज माझ्याबरोबर पायी स्टुडिओत यायला लागला आणि आमचा रस्ता बरा जायला लागला.

बरा म्हणजे, एक गोष्ट सोडली तर. गल्लीच्या तोंडाशी कॉफीच्या दुकानात एक माणूस येऊन बसायला लागला. पांढरी छत्री, कपाळाला विभूती, कमरेला स्वच्छ वेष्टी. रत्नसभापतीचा मुनीम. कुणाला एक वाईट शब्द नाही. आम्ही जाताना नुसता उठून उभा राहायचा आणि पोन्नुरंगमला धाकट्या भावासारखं विचारायचा, “तंबी, प्रकृती बरी ना? जपा हो.” परतताना तेच. शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या. पण प्रकृती विचारणाऱ्याला काय म्हणायचं?

आणि एका सकाळी मरगदम सडा घालायला दार उघडते तर उंबऱ्यावर नव्या कोऱ्या पांढऱ्या फडक्यात बांधलेले तांदूळ. शेरभर. तिनं जी किंकाळी फोडली ती मी चुलीपुढून ऐकली. मेलेल्याच्या तोंडात घालायचे तांदूळ असेच आणतात, कोऱ्या पांढऱ्या फडक्यात. निरोप कुणाचा ते सांगायला नको होतं.

पोन्नुरंगम दात घासत बाहेर आला. फडकं सोडलं, मूठभर तांदूळ तळहातावर घेतले, फुंकर मारली. “कुप्पू, बघ ग, एक खडा नाही! मेल्यांकडे असला माल असतो आणि आपल्याला कंट्रोलची माती खायला घालतात. मरगदम, शिजव.”

“तुम्हाला वेड लागलंय का?”

“फुकटचा भात आहे. वर रसम कर, मिरं जरा जास्त घाल.”

तिनं शिजवले नाहीत. मग त्यानं स्वतः चूल पेटवली, शिजवले, आणि ओट्यावर बसून सगळ्या गल्लीसमोर जेवला. मलाही पानावर वाढलं. मी खाल्लं, खोटं का बोलू. भात मोगऱ्यासारखा होता. जेवता जेवता तो असा हसला की कॉफीच्या दुकानातला छत्रीवाला वळून बघायला लागला. असा होता तो. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं ते भित्र्या माणसाचं झालं असं कुणी म्हणू नये.

खटल्याची तारीख बुधवारची आली. चांगला वार, आमच्यात म्हणतात, सोनं मिळेल पण बुधवार मिळायचा नाही. वेदाचलमच्या म्हाताऱ्या आईनं कोर्टात पहिल्या बाकावर बसायचं ठरवलं होतं.

त्याच्या आधीच्या शनिवारी स्टुडिओत तिरडीचा शॉट लागला. हिरो आला, तिरडी बघितली आणि परत मोटारीत बसला. “माझ्या बायकोला सातवा महिना लागलाय. मी यावर पडणार नाही. आणि तेही शनिवारी? डोकी फिरलीत का?” डायरेक्टर विनवत राहिला, मोटार गेली. मग सगळ्यांचे डोळे फिरत फिरत पोन्नुरंगमवर आले. संपादकासारखंच टक्कल, तशीच अंगलट, आणि तोंडावर हार-फुलं आल्यावर कोण ओळखतंय.

“साहेबांसाठी एवढं पडतो की,” पोन्नुरंगम म्हणाला. “आयुष्यभर मी उभा आणि ते बसलेले. आज मी झोपतो.”

मी म्हटलं, “अण्णा, आज नको. सोमवारी करा म्हणा त्यांना.”

“अग, बुधवारी मला कोर्टात उभं राहायचंय. आज जरा आडवा होतो.” आणि हसला.

शनिवारचं प्रेत एकटं जात नाही, सोबतीला कुणाला तरी नेतं, म्हणून शनिवारच्या तिरडीला आमच्याकडे कोंबडी बांधतात. स्टुडिओतल्या कुणीतरी सायकल हाणत सैदापेटला बातमी पोचवली, आणि अर्ध्या तासात मरगदम हजर. काखेत कोंबडी. स्वतःची, अंडी घालणारी. “नाटक असो की काय असो, शनिवार तर खरा आहे ना? हिला बांधा. नाहीतर मी यांना पडू देणार नाही.” डायरेक्टर म्हणाला, बांधा बाबांनो, संध्याकाळ होतेय.

बांधली. आता त्या काळी आवाज जागच्या जागी घ्यायचे. बायकांनी टाहो फोडला, म्हातारीचं काम करणारी नटी तिरडीवर कोसळली, तिनं त्याच्या ओठांवर तांदूळ सोडले, आणि नेमकी तेव्हा कोंबडी ओरडली. चांगली लांब, अंडं घातल्यासारखी. कट. पुन्हा सगळं. पुन्हा तांदूळ, पुन्हा कोंबडी. या वेळी तिरडीवरचं पोटही हलायला लागलं, कारण प्रेताला हसू आवरेना. कट. फिल्मचं कंट्रोल होतं तेव्हा, फूट मोजून मिळायची. मुदलाळी कपाळाला हात लावून उभे. शेवटी डायरेक्टर किंचाळला, “ती कोंबडी सोडा! शॉट झाल्यावर हसवतोच आहोत ना? त्यात सगळं आलं.”

मरगदमनं कोंबडी सोडवून घेतली, पण जागची हलली नाही. तिसरा शॉट नीट झाला. इतका नीट की मी स्वतः रडले. त्या फुलांत त्याचं तोंड मेणाचं झालं होतं.

मग कोहळा फुटला. पोन्नुरंगमला कॅमेऱ्यापुढे उभं केलं, केशवलू कॅमेरामननं डोळा लावला, आणि डायरेक्टर म्हणाला, “हसा.” अहो, त्याला सांगायला हवं होतं का? दोन शॉट दाबून ठेवलेलं हसू होतं ते! पोट, खांदे, दात, आवाज. गळ्यातल्या हारात तांदूळ अडकलेले, ते उडायला लागले. साठ माणसं होतो आम्ही, सगळे हसायला लागलो. मुदलाळी हसले, काखेतली कोंबडी धरून मरगदम हसली. केशवलू तेवढा डोळा लावून गप्प होता. मला वाटलं, कामात आहे.

घरी जाताना मरगदम मला म्हणाली, “कुप्पू, माझा तुकडा विसरू नकोस हं. बुधवारी यांच्या खिशात घालून पाठवते.”

सोमवारी शनिवारचे डबे धुऊन माझ्याकडे आले. मी हातमोजे चढवले, उजेडासमोर फिल्म धरली. पहिला शॉट. दुसरा. तिसरा, तिरडी, फुलं, ओठांवरचे तांदूळ. आणि संपलं. मी पुढचा डबा उघडला, त्यात दुसरंच काही. उलटसुलट सगळे डबे पाहिले. हसू नव्हतं. तिरडीवर तो होता. उठलेला कुठं नव्हता.

मी तशीच केशवलूकडे गेले, हातात हातमोजे. “हसू कुठाय?”

तो विडी पेटवत होता, ती विझवली. “अक्का, हळू बोल.”

“हसू कुठाय म्हणते!”

“दोन शॉट कोंबडीनं खाल्ले. तिसऱ्याला फिल्म संपली. मुदलाळींनी कानात सांगितलं, नुसतं चाक फिरव, रिकामं. समाधान झालं म्हणजे झालं. तो हसला ना? सगळ्यांनी पाहिलं ना?”

“आणि तू फिरवलंस?”

“मग काय करू? फिल्म काय मी पोटातून काढू?”

मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. पण शेवटी तो एक वाक्य म्हणाला, ते माझ्या मनात बसलं. “अक्का, कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं. गोष्ट तुझ्याच तोंडावर आहे.” माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या स्टुडिओला ठाऊक होतं. आणि मी कधी खोटं बोलत नाही, हेही. त्याचा मला गर्व होता. नवरा गेला, मूल नाही, दागिना नाही. माझ्यापाशी मिरवायला तेवढंच होतं.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी छत्रीवाला उठून उभा राहिला. या वेळी माझ्यासाठी.

“अम्मा, शनिवारी तुमच्याकडे एकजण तिरडीवर झोपला म्हणे. उठला का?”

“उठला, हसला, वर दोन भांडी ताक प्यायला. तुमचं काय जातं?”

“छान, छान. हसलाही?”

“साठ माणसांनी पाहिलं.”

“पाहिलं असेल हो.” त्यानं छत्रीची मूठ रुमालानं पुसली. “फिल्मवर आलं का?”

मी पदर खांद्यावर ओढून घेतला. स्टुडिओतून ही बातमी कुणी विकली ते आजवर मला कळलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, अगदी मायेनं. “नाही, गल्लीत म्हणतात, कुप्पम्माळ कधी खोटं बोलत नाही. म्हणून तुम्हालाच विचारलं.” ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, तरी त्यानं छत्री उघडली आणि गेला. पोन्नुरंगमच्या घराकडे नव्हे. पाण्याच्या नळाकडे, जिथं त्या वेळी मरगदम असायची.

मंगळवारी मी कामावर बिस्किटांचा डबा उघडून बसले. तुम्हाला सांगते, निगेटिव्हमध्ये सगळी माणसं सारखीच. तोंड काळं, केस पांढरे, दात काळे. एका ऋषीचं काम करणारा टकल्या नट होता, त्याचं हसू माझ्या हाताला लागलं. पोटही तसंच. बोटभर कापला असता आणि पुडीत बांधला असता, तर मरगदमला काय, पोन्नुरंगमलाही कळलं नसतं. मी कात्री लावली सुद्धा. मग मला छत्रीवाल्याचं तोंड आठवलं, आणि राग आला. त्याचा नव्हे, माझाच. एका मुनिमाच्या भीतीनं मी, कुप्पम्माळ, आता खोटं बोलायला लागू? मी तुकडा डब्यात परत टाकला. वाटलं, आपण काहीतरी मोठं केलं. कर्म माझं.

घरी पोचले तर मरगदम माझ्या ओट्यावर बसलेली. डोळे रडून लाल.

“कुप्पू, माझा तुकडा दे.”

“अक्का, आत चल, पाणी पी.”

“छत्रीवाला नळावर आला होता. म्हणाला, कुप्पूला विचार, ती खोटं सांगणार नाही. हसू आलं का नाही आलं?”

गप्प बसणंही पुरलं असतं कदाचित, उद्यापर्यंत. पण तिनं माझे दोन्ही खांदे धरून हलवलं, “बोल ना ग, तुझ्या नवऱ्याची शपथ आहे तुला!” आणि माझ्या तोंडून निघालं, “नाही आलं, अक्का. फिल्म संपली होती. तुझ्या कोंबडीनं संपवली.”

ते कोंबडीचं तरी कशाला बोलायचं होतं? ती बाई जागच्या जागी खाली बसली. किंचाळली नाही, काही नाही. तांदळांच्या दिवशी किंचाळली होती. या वेळी नाही.

तासाभरानं पोन्नुरंगम आला. दारातच उभा राहिला, चौकटीला हात लावून. “कुप्पू, मरगदम काहीतरी बडबडतेय. खरं का?”

अजून वेळ होती. तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी. मलाही ते कळतंय. एकतीस वर्षं मी त्याच दारात उभी आहे. म्हणायचं होतं, अण्णा, फिल्म गेली उडत, मी माझ्या डोळ्यांनी तुम्हाला हसताना पाहिलं, साठ जणांनी पाहिलं, ते काय खोटं? पण ते सुचलंच नाही. त्यानं खरं-खोटं विचारलं आणि मी खरं सांगितलं. “नाही आलं, अण्णा.”

“म्हणजे तिरडीवर आलो.”

“हो.”

“आणि उठलेला नाही आलो.”

“नाही.”

त्यानं मान हलवली. बोटं हवेत अक्षरं उचलत होती, पण जुळत नव्हती. तेच ते अक्षर पुन्हा पुन्हा उचलत होती. मला वाटलं आता हसेल, काहीतरी गाढवासारखं बोलेल. “बरं,” म्हणाला आणि गेला. त्या घरातून त्या संध्याकाळी भांड्याचाही आवाज आला नाही.

बुधवारी मी सुट्टी टाकून कोर्टात गेले. म्हातारी पहिल्या बाकावर होती, मांडीवर पिशवी. मागच्या रांगेत छत्री मांडीवर आडवी ठेवून तो बसलेला. पोन्नुरंगम पिंजऱ्यात चढला. धुतलेला सदरा, आणि तोंड शनिवारसारखं, मेणाचं. सरकारी वकिलानं विचारलं, दिवेलागण झाली होती का? हो. संपादकांना बोलवायला किती जण आले? दोन. ते या कोर्टात आहेत का?

तो खाली बघत होता. म्हातारी बाकावरून अर्धी उठली होती.

“मी मान खाली घालून खिळे जुळवत होतो,” तो म्हणाला. “कुणाचं तोंड पाहिलं नाही.”

“पोलिसांना तुम्ही नावं सांगितलीत!”

“तेव्हा घाबरलो होतो. काहीतरी बोलून गेलो.”

एवढंच. वकील ओरडला, कागद फडकवले, त्याला उलटसुलट विचारलं. तो तेच सांगत राहिला, खिळे जुळवत होतो, खिळे जुळवत होतो. पुढच्या आठवड्यात ते दोघं सुटले, त्यांच्या गळ्यांत शेवंतीचे हार पडले. पण ते नंतरचं. त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हातारी काठी टेकत टेकत त्याच्यापाशी आली. मला वाटलं थोबाडीत मारील, आणि देवाशपथ, मला हवं होतं तिनं मारावं. तिनं त्याच्या टकलावर हात ठेवला. “बाळा, तुला बायको आहे. कळलं मला. खूप वर्षं जग.” आणि गेली. नंतरच्या अमावस्येला ती आली नाही, कधीच आली नाही.

सिनेमाचं म्हणाल तर वकिलाची नोटीस आली आणि मुदलाळींनी शेवट बदलला. पोतं काढलं, रत्नसभापतीसारखा दिसणारा व्यापारी काढला. पडद्यावरचा संपादक तापानं मेला. ते सगळं निगेटिव्ह मीच कापलं, या हातांनी. तिरडी तेवढी राहिली. दोन आठवडे चालला आणि उतरला. गल्लीतले सगळे जाऊन आले, पोन्नुरंगम गेला नाही.

छत्रीवाला पुन्हा दिसला नाही. कशाला दिसेल? उंबऱ्यावर पुन्हा कुणी काही ठेवलं नाही. पोन्नुरंगमनं वर्तमानपत्राचं काम सोडलं, लग्नपत्रिकांच्या छापखान्यात लागला. शुभविवाह, शुभविवाह, दिवसभर. त्याला ना ताप आला, ना कधी ठेच लागली. मोटारी अंगाला घासून जायच्या आणि हा कोरडा. हसायचा मात्र नाही. गल्लीतल्या नव्या पोरांना ठाऊकही नव्हतं की या घरात कधी हसू होतं. माझ्याशी बोलायचा, पाणी भरून द्यायचा, दिवाळीला तेल आणून द्यायचा. एक शब्द दोष दिला नाही त्यानं मला, आणि तेच मला खात राहिलं. मी तो बिस्किटांचा डबा एकदा उघडला, तर जुनी फिल्म वितळून सगळी हसू एकमेकांना चिकटली होती, चिक्कीसारखी. मी डबा मागं विहिरीपाशी पुरला.

गेल्या मार्गळीच्या थंडीत त्याला दम्यानं गाठलं. एकाहत्तर वर्षांचा म्हातारा, खाटेवर हाडांची मोळी. डॉक्टर रोज म्हणायचा आज जाईल, आणि हा रोज सकाळी डोळे उघडायचा. वीस दिवस असं चाललं. मी जाऊन बसायची. एका सकाळी मी म्हटलं, कारण मला आता वेळ उरला नव्हता, “अण्णा, त्या दिवशी मी खोटं बोलायला हवं होतं.”

तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. “तुला विचारलं, तू खरं सांगितलंस. मलाही कोर्टात विचारलं होतं की.”

मग त्यानं डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. पण बोटं हलायला लागली, अंगावरच्या पांघरुणावरून काहीतरी उचलायला लागली, आणि मग पोट हललं. खांदे हलले. त्यात दम लागला, तरी थांबेना.

“म्हातारीचा आशीर्वाद बघ ग, कुप्पू,” तो म्हणाला. “किती वर्षं झाली. मरतच नाही मी.”

आणि हसला. तोंडात दात नव्हते, आवाज तोच होता. आत मरगदम भात वेळत होती. ती पळीसकट धावत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.